पंखांची शिलाई : स्वतः

घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून, असं जुनी माणसं सांगून गेली. विमानाबद्दल ती काही बोलली नाहीत. आपल्या पोटी इतका शहाणा कोणी निपजेल असं त्यांना वाटलं नसावं. पण त्रुटीसाहेब निपजले. घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये नऊ वर्षं खपून त्यांनी एका माणसापुरतं विमान बांधलं. लाकडाचा सांगाडा, त्यावर ताणून बसवलेलं कापड, पुढे इंजिन आणि आत एक खुर्ची. विमान पुरं झालं आणि मागे उरले फक्त कागद.

"आता काय, नुसते कागद," ते बायकोला म्हणाले.

"म्हणजे अवघड काम संपलं?"

"लोकांना अवघड वाटतात कागद. मला नाही."

यात तथ्य होतं. शहराच्या इमारत मंजुरी कार्यालयात सव्वीस वर्षं ते लोकांचे नकाशे तपासत होते आणि परत पाठवत होते. तारीख नाही म्हणून परत. तारीख आहे, पण साल दोनच आकड्यांत आहे म्हणून परत. एकाचा नकाशा त्यांनी सही चौकटीच्या रेघेला लागते म्हणून परत पाठवला होता, आणि तो माणूस जिन्यात बसून रडला होता असं शिपाई सांगत असे. प्रत्येक परतीच्या कागदावर ते सुंदर अक्षरात लिहीत : 'त्रुटी पूर्ण करून पुन्हा सादर करावे.' त्यावरून त्यांना हे नाव पडलं. ते त्यांच्या कानावर आलं होतं आणि खरं सांगायचं तर त्यांना ते आवडत होतं.

तर असा हा माणूस विमानाची फाइल घेऊन उड्डाण परवाना कार्यालयात गेला आणि चौदा दिवसांनी ती फाइल परत आली. 'निर्मात्याचे नाव' या रकान्यात त्यांनी आपलं नाव लिहिलं होतं आणि 'मालकाचे नाव' या रकान्यात 'वरीलप्रमाणे'. 'वरीलप्रमाणे' चालत नाही. आपल्या टेबलावर त्यांनी स्वतः ते सव्वीस वर्षं चालू दिलं नव्हतं. हजामाला दुसऱ्याच्या खुर्चीत बसून मान पुढे करावी लागली की त्याला काय वाटत असेल, ते त्यांना त्या दिवशी कळलं. दुसऱ्यांदा फाइल आली ती विमानाच्या अंगावरचा नोंदणी क्रमांक उंचीला दोन बोटं कमी होता म्हणून. त्यांनी तो खरवडला आणि पुन्हा रंगवला. शेरा मात्र नेमका आणि मुद्देसूद होता, हे त्यांनी मोठ्या मनाने मान्य केलं.

तोपर्यंत शेजाऱ्यांचा उत्साह वाढला होता. भिंतीपलीकडचे निवृत्त मुख्याध्यापक रोज सकाळी झाडांना पाणी घालता घालता भिंतीवरून विचारत, "काय साहेब, आज उडणार?" आणि उत्तर ऐकायच्या आत पुढच्या झाडाकडे वळत. समोरच्या दंतवैद्यांनी पंख थोडे आखूड करावेत म्हणजे वळवायला सोपं जाईल असं सुचवलं. कोपऱ्यावरचा विमा एजंट पूर्वी त्यांना पाहिलं की रस्ता ओलांडून येई. आता तो त्यांना पाहिलं की रस्ता ओलांडून जाई. उंटावरून शेळ्या हाकणारी ही सगळी मंडळी त्रुटीसाहेबांनी हसून सहन केली, कारण त्यांच्यापैकी एकानेही कधी विमान बांधलं नव्हतं.

तिसऱ्यांदा फाइल आली ती वजनासाठी. विमान आणि वैमानिक यांचं एकत्र वजन करून तक्ता जोडा, कारण अर्जातलं वैमानिकाचं वजन 'अंदाजे' दिसतं, असा शेरा होता. अर्जात त्यांनी अडुसष्ट किलो लिहिलं होतं. ते खोटं नव्हतं. फक्त जुनं होतं. लग्नानंतर दोन वर्षांनी डॉक्टरांनी कुठल्याशा कागदावर लिहिलेला तो आकडा त्यांना इतका पटला होता की त्यानंतर त्यांनी काट्यावर पाय ठेवला नव्हता.

एका रविवारी सकाळी अंगणात तीन चाकांखाली तीन काटे लागले. दोन भंगारवाल्याकडून आणले आणि शेपटीच्या लहान चाकाखाली दंतवैद्यांच्या न्हाणीघरातला. आधी विमानाचं वजन झालं. मग त्रुटीसाहेबांनी बूट काढले, कोट काढला, पट्टा, घड्याळ, किल्ल्या असं सगळं खुर्चीवर ठेवलं आणि ते आत बसले. सकाळपासून त्यांनी पाणीसुद्धा प्यायलं नव्हतं. बायकोने तिन्ही काटे वाचले, बेरीज केली, वजाबाकी केली आणि पुन्हा पहिल्या काट्याशी गेली.

"किती?" भिंतीवरून मुख्याध्यापक.

"बघते अजून," बायको म्हणाली. पण भंगारवाल्याला काट्यांची घाई होती आणि त्याचा आवाज दणदणीत होता. "चौऱ्याऐंशी!" तो म्हणाला. "माणूस चौऱ्याऐंशी!"

पलीकडे पाण्याची झारी खाली ठेवल्याचा आवाज आला. त्रुटीसाहेब विमानातच बसून राहिले. उतरायचं तर सगळ्यांसमोरून उतरावं लागणार होतं, आणि एका रविवारी इतका ऐवज सगळ्यांना दाखवण्याची त्यांची तयारी नव्हती. दारात सासूबाई उभ्या होत्या. त्यांना मात्र आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही. जावयाच्या पँटी उसवून सैल करण्याचं काम त्याच करत होत्या.

इथे सासूबाईंबद्दल सांगायला हवं. त्या तंबूच्या कारखान्यात एकतीस वर्षं शिलाईला होत्या आणि पाच वर्षांपूर्वी मुलीकडे राहायला आल्या. त्या इतक्या कमी बोलत की पाहुण्यांना वाटे, या रागावल्यात. त्या आल्या त्याच्या पुढच्या वर्षी विमानाचे पंख शिवायची वेळ आली. पंखाचं कापड नुसतं चिकटवून भागत नाही. आत लाकडी बरगड्या असतात, त्या प्रत्येक बरगडीला ते दोऱ्याने बांधावं लागतं, दर चार बोटांवर एक टाका आणि प्रत्येक टाक्याला एक गाठ. गाठ सुटली तर कापड हवेत फुगतं, आणि मग खाली यायला फारसा वेळ लागत नाही.

त्रुटीसाहेबांनी अकरा दिवस खपून टोकाची एक बरगडी शिवली. बाराव्या दिवशी कार्यालयातून येऊन पाहतात तर शेजारची बरगडी शिवून तयार. टाका न् टाका सारखा. सासूबाई ओट्यापाशी वाटाणे सोलत होत्या.

"आई, हे तुम्ही केलंत?"

"रिकामी होते," त्या म्हणाल्या.

त्या एकसष्ट दिवस रिकाम्या होत्या. दोन्ही पंख शिवून झाले.

आता विमान बांधणाऱ्याला एक नोंदवही ठेवावी लागते. तारीख, काम, आणि काम कोणी केलं. सासूबाईंच्या शिलाईच्या पहिल्या दिवशी त्यांनी सवयीने 'पंखांची शिलाई : स्वतः' असं लिहिलं. दुसऱ्या दिवशी लिहिताना हात थबकला. पण विमान जावयाचं आणि पंख सासूचे, हे वाचून परवाना कार्यालयात काय म्हणतील? मुख्याध्यापकांना कळलं तर? त्यांनी पुन्हा 'स्वतः' लिहिलं. खोटं एकदा लिहावं लागतं, पुढे ते रूढ होतं, हे कार्यालयात काम केलेल्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही. एकसष्ट दिवस, एकसष्ट वेळा स्वतः. सासूबाईंनी ती वही कधी मागितली नाही, आणि यांनी ती कधी टेबलावर ठेवली नाही.

अखेर वजनाचा तक्ता मंजूर झाला आणि तपासणीचा दिवस आला. ही तपासणी पार पडली की प्रमाणपत्र, आणि प्रमाणपत्र मिळालं की पहिलं उड्डाण. निरीक्षक बाई बरोबर नऊला आल्या. हातात विजेरी, दांडीला लावलेला छोटा आरसा आणि कानामागे पेन. डावा पंख सोडवून अंगणात दोन खुर्च्यांवर उशा ठेवून उभा केला होता. त्यावरची एक बरगडी, कार्यालयाच्या सूचनेप्रमाणे, टाके दिसतील अशी उघडी ठेवलेली. बाकी सगळ्या टाक्यांवर पट्ट्या आणि रंग चढला होता. बाईंनी तीन तास एकेक खिळा, एकेक तार पाहिली. मग त्या पंखाशी आल्या आणि त्यांनी चष्मा काढून पुसला.

"बारा वर्षं हे काम करतेय," त्या म्हणाल्या, "पण अशी शिलाई पाहिली नाही. कोणी केली?"

सासूबाई त्याच क्षणी बाईंसाठी चहाचा कप घेऊन आल्या होत्या. त्रुटीसाहेबांनी कप पाहिला, कप धरलेला हात पाहिला, त्या हाताच्या अंगठ्यावर दोऱ्याने पडलेला घट्टा पाहिला. बोलायला भरपूर वेळ होता. पण भिंतीवर मुख्याध्यापक होते, फाटकाशी दंतवैद्य होते, आणि नोंदवही बाईंच्या हातात उघडी होती.

"मीच," ते म्हणाले.

सासूबाईंनी कप स्टुलावर ठेवला. आवाज न करता. बायकोने नवऱ्याकडे पाहिलं. तशा नजरेला त्यांनी सगळ्या संसारात दोनदाच तोंड दिलं होतं, आणि दोन्ही वेळा नंतर आठवडाभर घरात फक्त भांडी बोलत होती. आपले कान तापलेत हे त्यांना जाणवत होतं. लाज वाटते म्हणजे नेमकं कुठे वाटते, हे त्या दिवसापर्यंत त्यांना ठाऊक नव्हतं. ती पोटरीपासून वाटते.

"छान," बाई म्हणाल्या आणि त्यांनी खिशातून छोटी कात्री काढून उघड्या बरगडीवरचा मधला टाका कापला. "पद्धत आहे. एक टाका मी कापायचा आणि शिवणाऱ्याने तो माझ्यासमोर परत घालायचा. घाला. तेवढं झालं की सही करते."

सुई वीतभर लांब, दोरा मेणाचा. त्रुटीसाहेब पंखाच्या एका बाजूने सुई घालत, पळत दुसऱ्या बाजूला जात, तिथून ती ओढत आणि पुन्हा इकडे येत. इकडे येईपर्यंत गाठ सुटलेली असे. पहिली गाठ सुटली. दुसरी सुटली. तिसरी सुटली नाही, पण ती दोऱ्याला न बसता त्यांच्या शर्टाच्या बटणाला बसली.

"बुटाच्या नाडीसारखी बांधा, साहेब!" भिंतीवरून.

"आम्ही हिरडीला टाका घालतो तेव्हा आधी पेशंटला तोंड उघडायला सांगतो," दंतवैद्य फाटकावरून म्हणाले. त्याचा इथे काय उपयोग, हे त्यांनी सांगितलं नाही.

पाऊण तास गेला. बाईंचा चहा पिऊन झाला. त्या घड्याळाकडे पाहत नव्हत्या, आणि ते जास्त वाईट होतं. त्रुटीसाहेबांच्या कपाळावरचा घाम कापडावर पडला आणि तिथे एक डाग उमटला. तेवढ्यात कोणीतरी त्यांच्या हातातून सुई काढून घेतली.

"जावईबापूंचं बोट काल दारात चिमटलंय," सासूबाई बाईंना म्हणाल्या. "मी घालते. मला त्यांनीच शिकवलंय."

सुई गेली, आली, दोरा दोनदा वळला, अंगठा दाबला गेला. श्वास घेऊन सोडायला लागतो तेवढ्या वेळात गाठ बसली. कापलेला टाका कुठला होता ते आता शोधावं लागलं असतं. सासूबाईंनी दोरा दाताने तोडला आणि रिकामा कप उचलला.

बाईंनी कानामागचं पेन काढलं. "शिकवलंत चांगलं," त्या म्हणाल्या, आणि त्यांनी सहीचं पान उघडलं.

नऊ वर्षं त्या पेनाच्या टोकाशी येऊन उभी होती. काहीही बोलायची गरज नव्हती. फक्त बोटाकडे बघून थोडा कण्हण्याचा आवाज काढला असता तरी काम झालं असतं. पण त्यांच्यासाठी, आणि तेही इतक्या सहज, खोटं बोलून सासूबाई कप घेऊन स्वयंपाकघराकडे चालल्या होत्या. स्वतःचं खोटं त्यांनी चार वर्षं सांभाळलं होतं. हे दुसरं खोटं त्यांना चार पावलंही पेलवेना.

"बाई," ते म्हणाले, "ती नोंद बरोबर नाही."

"कुठली?"

"एकसष्ट आहेत." त्यांनी वहीकडे बोट दाखवलं. "शिलाई मी केलेली नाही. सासूबाईंनी केली. त्यांना मी काही शिकवलेलं नाही. आणि बोटही चिमटलेलं नाही."

भिंतीवरून आणि फाटकावरून दोन माना पुढे आल्या. त्या वेळी धरणी दुभंगली असती तर त्रुटीसाहेबांनी अर्ज न करता तिच्यात उडी घेतली असती.

बाईंनी पेनाला टोपण लावलं. "अहो, मदत चालते," त्या म्हणाल्या. "घरच्यांची चालते, मित्रांची चालते. पैसे देऊन माणूस लावायचा नाही आणि निम्म्याहून जास्त काम स्वतः करायचं, एवढाच नियम. पंख सासूबाईंनी शिवले असं लिहिलं असतं, तर मी आज सही करून गेले असते."

म्हणजे खोटं बोलायची गरजच नव्हती. सव्वीस वर्षं नियम वाचणाऱ्या माणसाने हा एक नियम वाचला नव्हता, कारण त्याचं उत्तर त्याने आधीच ठरवलं होतं. बाई वहीवर काहीतरी लिहीत होत्या. अक्षर उलट्या बाजूने वाचण्याचा त्रुटीसाहेबांना चांगला सराव होता. 'त्रुटी पूर्ण करून पुन्हा सादर करावे.' पुढची तारीख सात आठवड्यांनंतरची.

"चुकीच्या प्रत्येक नोंदीवर एक रेघ मारायची, खोडायचं नाही," बाई जाताना म्हणाल्या. "खाली खरी नोंद, आणि दोघांच्या सह्या. तुमची आणि काम करणाऱ्याची."

संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर वही आली. समोर सासूबाई, मध्ये पेन. बायको बाजूला पालेभाजी निवडत बसली होती. ती मदतीला बसली नव्हती, पाहायला बसली होती.

"आई," त्रुटीसाहेब म्हणाले. पुढचं वाक्य त्यांनी दुपारभर तयार केलं होतं, पण ते आलं नाही. "आई, माझं चुकलं. लाज वाटली म्हणून लिहिलं नाही. आता त्याहून जास्त वाटतेय."

सासूबाईंनी चष्मा लावला. "आणा इकडे," त्या म्हणाल्या.

नुसत्या सह्या करून मोकळं होणाऱ्यातल्या त्या नव्हत्या. त्या प्रत्येक नोंद वाचत. "ह्या मंगळवारी मी शिवलं नाही, डोळ्याच्या डॉक्टरकडे गेले होते." रेघ. "इथे सात टाके लिहिलेत, नऊ होते." रेघ. "ह्या दिवशी तुम्ही दोरा उलटा गुंडाळला, तो सोडवण्यातच दिवस गेला. ते कुठे लिहिलंय?" त्रुटीसाहेब तेही लिहीत होते. त्यांच्यासमोर नकाशे घेऊन उभे राहिलेले लोक एकेक करून त्यांना आठवत होते. जिन्यात बसून रडलेला माणूस विशेष. त्याची सही रेघेला लागली होती, एवढंच.

एकसष्ट झाल्या. शेवटचं, म्हणजे खरं तर पहिलं पान उरलं : टोकाची बरगडी, अकरा दिवस, स्वतः. तिथे त्यांनी वही मिटायला हात पुढे केला.

"ही राहू दे, आई. ही मात्र माझीच."

सासूबाईंनी वहीवर हात ठेवला. बायकोचं भाजी निवडणं थांबलं.

"हीसुद्धा मीच केली," त्या म्हणाल्या. "तुमचे टाके सैल होते. तुम्ही ऑफिसला गेल्यावर उसवून परत घातले. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही."

चार वर्षं ते त्या बरगडीवरून जाता येता हात फिरवत होते. चार वर्षं दंतवैद्यांना, पाहुण्यांना, विमा एजंटलासुद्धा ते ती बरगडी दाखवत होते. त्रुटीसाहेबांनी पट्टी घेतली, अकरा दिवसांवर अकरा सरळ रेघा मारल्या आणि वही पुढे सरकवली. सासूबाईंनी अकरा सह्या केल्या. एकही सही चौकटीच्या रेघेला लागली नाही.

"झालं," ते म्हणाले. "आता विमान झालं तुमचं, मी नुसता ड्रायव्हर."

"झालं कुठे? वजनाचं पान आणा."

"ते मंजूर झालंय, आई."

"बूट काढून वजन केलंत. कोट काढून केलंत. पाणीसुद्धा प्यायला नव्हतात." सासूबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "अनवाणी उडणार आहात का? माझे टाके धरतील. पण वजन तुम्ही खरं सांगितलं तर. माझी मुलगी आहे खाली."

बायकोने भाजी बाजूला सारली आणि ती उठून समोर दंतवैद्यांकडे काटा मागायला गेली. त्रुटीसाहेबांनी जेवण केलं, दोन पेले पाणी प्यायलं. मग बूट घातले, कोट घातला, पट्टा, घड्याळ, किल्ल्या सगळं जिथल्या तिथे ठेवलं, आणि अजून उजेड होता म्हणून अंगणातच काट्यावर उभे राहिले. सासूबाई वाकल्या, काटा वाचला आणि वहीत लिहिला.

भिंतीपलीकडे झारी थांबली. "किती, हो?" मुख्याध्यापकांनी विचारलं.

बायको उत्तर द्यायला वळली. पण तिच्याआधी त्रुटीसाहेबांनी भिंतीकडे तोंड केलं.

"सत्त्याऐंशी!" ते सगळ्या गल्लीला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाले. "आणि पंख आईंनी शिवलेत!"